मेंदूचा फोटो काढला तर कळेल का? स्वमग्न मुलांच्या मेंदूतील जोडण्यांविषयी



दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट आहे. शाळा सुटली, मुलं दप्तरं घेऊन पळाली आणि एक वडील वर्गाच्या दारात येऊन थांबले. त्यांचा मुलगा माझ्या दुसरीच्या वर्गात आहे. इथे त्याला आपण सोहम म्हणू, हे त्याचं खरं नाव नाही. वडील द्राक्षबागांमध्ये मजुरीने छाटणीची कामं करतात. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली होती, त्यामुळे हातात थोडे पैसे होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला एक गुळगुळीत रंगीत कागद काढला. शहरातल्या कुठल्याशा केंद्राची जाहिरात. वर मेंदूचं चित्र, त्यात लाल-निळे ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि खाली दरपत्रक. आधी मेंदूचं 'मॅपिंग', मग चाळीस सेशन. एकूण आकडा पाहून मीच गप्प झाले.

"बाई, फोटो काढला की कुठली वायर सुटलीय ते कळतं म्हणतात. मग ती जोडून देतात. तुम्ही सांगा, जाऊ का?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. "चार दिवस द्या, वाचून सांगते," एवढंच म्हणाले. माझं शिक्षण डी.एड. मी डॉक्टर नाही, मेंदूतज्ज्ञ तर नाहीच नाही. त्या चार दिवसांचे चार आठवडे झाले, कारण वाचत गेले तसा विषय सुटण्याऐवजी आधी गुंतत गेला. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वर्गात असं एखादं मूल असतं आणि असा कागद कधीतरी तुमच्याही हातात येईल. म्हणून मला जे समजलं ते इथे मांडते.

आधी आईबद्दल

ऑटिझमला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. खरं सांगायचं तर हा शब्द मला पूर्ण पटत नाही. सोहम स्वतःत मग्न नसतो. तो पंख्यात मग्न असतो, खिडकीच्या गजाच्या सावलीत मग्न असतो. पण शब्द रूढ झाला आहे, सरकारी कागदांवरही तो आहे, तेव्हा तोच वापरते.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. ८ मुलगे आणि ३ मुली. इतरांशी भावनिक नातं जोडण्यातली ही अडचण मुलं जन्मतःच घेऊन येतात, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यातल्या ५ मुलांची डोकी मोठी असल्याची एक बारीक नोंदही त्यात आहे. म्हणजे मेंदूकडे बोट दाखवणारी खूण त्या लेखातच होती. पण पुढची पंचवीसेक वर्षं चर्चा भलतीकडेच गेली. आई थंड स्वभावाची, तिने माया लावली नाही, म्हणून मूल असं झालं, असं मोठमोठी माणसं बोलू लागली. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तर हा समज घरोघरी नेला. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी याविरुद्ध पुस्तक लिहिलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. पुढे १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकाच बीजातून जन्मलेल्या हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडं स्वमग्न होती. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसं नव्हतं. घर तेच, आईही तीच, आणि तरी एवढा फरक. तेव्हापासून कारण जडणघडणीत आणि मेंदूत शोधायचं, हे पक्कं झालं.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे सोहमची आई. "मोबाइल दिला असेल हातात", "पोटात असताना ग्रहण पाळलं नसेल" अशी वाक्यं तिला भावकीत ऐकावी लागतात. एक वाक्य तर मी आमच्याच स्टाफरूममध्ये ऐकलं आहे.

तार न बघता जोडणी कशी ओळखतात?

आता मूळ विषय. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. कुठलंही काम, अगदी 'पाणी' हा शब्द वाचणंसुद्धा, मेंदूचा एकच भाग करत नाही. बघणारा भाग, अक्षरं ओळखणारा भाग, अर्थ लावणारा भाग, उच्चार जुळवणारा भाग असे अनेक भाग मिळून करतात. त्यांचं मिळून एक जाळं होतं. ही जाळी कशी विणलेली आहेत, ते दोन तऱ्हांनी पाहतात.

एक म्हणजे खरोखरची तार. चेतापेशींचे लांब तंतू जुडग्याने मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात जातात. एमआरआयच्या एका प्रकारात पाण्याचे रेणू या जुडग्यांच्या दिशेने कसे सरकतात हे मोजून जुडग्यांचा माग काढता येतो.

दुसरी तऱ्हा जास्त गमतीची आहे आणि स्वमग्नतेवरचं बरंच संशोधन तिच्यावरच उभं आहे. ती समजायला आमच्या गावचं उदाहरण घेते. गावाला चार वाड्या. रात्री टेकडीवरच्या देवळापाशी उभं राहिलं की चारही वाड्यांचे दिवे दिसतात. लाईट जाते तेव्हा कुठल्या वाड्या एकदम अंधारात जातात, आणि येते तेव्हा कुठल्या एकदम उजळतात, एवढंच बघत बसायचं. शाळेमागची वाडी आणि ओढ्यापलीकडची वस्ती यांच्यात चांगलं दीड किलोमीटर अंतर आहे, पण दोन्हींची लाईट एकाच क्षणी जाते आणि एकाच क्षणी येते. म्हणजे दोन्ही एका फीडरवर असणार. मी तार पाहिलेली नाही, खांब मोजलेले नाहीत. दिव्यांच्या ये-जा वरून केलेलं हे अनुमान आहे.

मेंदूत दिव्यांच्या जागी रक्तातला प्राणवायू असतो. जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त जास्त धावतं, आणि एमआरआय यंत्राला तो फरक टिपता येतो. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी ही युक्ती दाखवली. १९९५ मध्ये भारत बिस्वाल या तेव्हा अमेरिकेत शिकणाऱ्या संशोधकाच्या ध्यानात आलं की माणूस यंत्रात नुसता पडून असला, हात हलवत नसला, तरी डाव्या आणि उजव्या हाताची हालचाल सांभाळणारे मेंदूचे दोन भाग एकाच लयीत मंद-तेज होत असतात. याचा फायदा मोठा झाला. काही काम न सांगताही मेंदूतली जाळी बघता येऊ लागली. दोन भाग एका लयीत चालले की त्यांची जोडणी घट्ट, लय जुळली नाही की जोडणी सैल, असं धरतात. लहान मुलांसाठी हे सोयीचं ठरलं, कारण त्यांना फक्त पडून राहायचं असतं.

'फक्त' हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्यापाशी पुन्हा यायचं आहे.

लांबची जोडणी सैल, जवळची घट्ट?

२००४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्सेल जस्ट आणि सहकाऱ्यांनी १७ स्वमग्न आणि १७ इतर व्यक्तींना यंत्रात वाक्यं वाचायला दिली. या सगळ्यांना चांगलं वाचता येत होतं. वाक्यात कोणी काय केलं आणि कोणाला केलं, एवढंच ओळखायचं. स्वमग्न गटात शब्दांच्या अर्थाशी जोडलेला मागचा भाग जास्त काम करताना दिसला आणि वाक्याची जुळणी करणारा पुढचा भाग कमी. शिवाय या दोन भागांची लय एकमेकींशी कमी जुळत होती. यावरून त्यांनी मांडलं की स्वमग्नतेत मेंदूच्या दूरदूरच्या भागांमधली जोडणी अपुरी असते. त्याच सुमारास इतर काहींनी जोड दिली: लांबच्या जोडण्या कमी आणि जवळजवळच्या जास्त.

हे वाचताना मला उठून टाळी वाजवावीशी वाटली. सोहम धडा खडाखडा वाचतो, एक अक्षर चुकत नाही. पानाच्या कोपऱ्यातल्या चित्रात पोपटाच्या पायाला किती बोटं काढली आहेत तेही सांगतो. पण "गोष्टीत काय झालं रे?" म्हटलं की कोरा चेहरा. सुटे तपशील पक्के आणि सगळं मिळून होणारी गोष्ट गायब. जवळच्या जोडण्या घट्ट आणि लांबच्या सैल, इतकं चपखल उत्तर! कितीतरी लेखांमध्ये, प्रशिक्षणाच्या पीपीटीमध्ये आजही ही गोष्ट इथेच संपते. तुम्ही ती तशीच ऐकली असेल तर पुढचा भाग जरूर वाचा.

डोकं हललं की काय होतं

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी एक अडचणीची गोष्ट दाखवून दिली. त्यातला एक गट सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला, जोनाथन पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. यंत्रात पडलेल्या माणसाचं डोकं किंचित जरी हललं, एका मिलिमीटरपेक्षाही कमी, तरी मोजमापात खोटी जोडणी दिसू लागते. आणि ती कशी? जवळच्या भागांची जोडणी उगाच घट्ट दिसते आणि लांबच्या भागांची उगाच सैल.

म्हणजे हुबेहूब तोच नमुना, जो स्वमग्नतेचा म्हणून सांगितला जात होता!

टेकडीवरचं उदाहरण पुन्हा घ्या. मी मोबाइलवर चारही वाड्यांचा व्हिडिओ काढते आहे आणि माझा हात हलला. शेजारशेजारचे दिवे एकमेकांत मिसळून एकच वाटतील, लांबचे दिवे वेगवेगळ्या दिशेने फरफटल्यासारखे दिसतील. वाड्यांच्या तारांमध्ये काहीच बदललेलं नाही, हललाय माझा हात.

आता त्या 'फक्त पडून राहायचं' कडे या. एमआरआयचं यंत्र म्हणजे अरुंद बोगदा, आणि त्याचा ठकठकाट शंभर डेसिबलच्याही वर जातो. मोठ्या माणसाला घाम फुटतो तिथे. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात, आणि स्वमग्न मुलं सरासरीने त्याहून थोडी जास्त. मग दोन गटांत जो फरक दिसला त्यातला मेंदूचा किती आणि हालचालीचा किती? जुने सगळे निष्कर्ष खोटे ठरले असं नाही. पण बऱ्याच गोष्टी नव्याने तपासाव्या लागल्या. त्यानंतरच्या अभ्यासांत हालचालीचा हिशेब वेगळा काढणं जवळपास सक्तीचं झालं.

इथे आपल्यासाठी आणखी एक मुद्दा आहे. या यंत्रात शिरून सहा-सात मिनिटं स्थिर पडून कोण राहू शकतं? ज्याला बोललेलं कळतं, जो आवाज सोसतो, जो थोडा मोठा आहे. न बोलणारी, आवाजाने कासावीस होणारी मुलं या अभ्यासांमध्ये फार थोडी असतात. मुली तर आणखी कमी. वर्गात सर्वांत जास्त मदत ज्या मुलांना लागते, त्यांच्या मेंदूबद्दल आपल्याला सर्वांत कमी माहिती आहे.

मग कमी की जास्त?

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात कौस्तुभ सुपेकर, विनोद मेनन आणि सहकाऱ्यांनी ७ ते १३ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यांना नेमकं उलटं दिसलं. स्वमग्न मुलांच्या मेंदूत जोडण्या जास्त होत्या, जवळच्याही आणि लांबच्याही. ज्या मुलांना इतरांशी जमवून घ्यायला जास्त जड जात होतं त्यांच्यात आणखी जास्त. आधी मोठ्या वयाच्या व्यक्तींमध्ये कमी दिसल्या, इथे मुलांमध्ये जास्त. त्यावर लुसिना उद्दिन, सुपेकर आणि मेनन यांनी सुचवलं की हा वयाचा खेळ असू शकेल. लहानपणी जोडण्या जास्त असतात, वयात येताना त्यांची मांडणी बदलते आणि पुढे त्या कमी दिसतात. त्यामुळे मुलांचे आणि मोठ्यांचे निकाल एका टोपलीत घालून सरासरी काढू नका.

त्याच काळात जगभरातल्या १७ प्रयोगशाळांनी आपापली चित्रं एकत्र करून सर्वांसाठी खुली केली: १,११२ व्यक्ती, त्यातल्या ५३९ स्वमग्न. २०१४ मध्ये आलेला त्याचा पहिला निष्कर्ष धड इकडचा नाही आणि धड तिकडचाही नाही. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या भागांची एकमेकांशी जोडणी बहुतेक ठिकाणी कमी. पण थॅलॅमससारख्या खोलवरच्या भागाची, स्पर्श आणि हालचाल सांभाळणाऱ्या बाहेरच्या भागांशी जोडणी जास्त. थॅलॅमस म्हणजे डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणाऱ्या बातम्या पुढे पाठवणारं जंक्शन. पंख्याचा खडखडाट आपण दोन मिनिटांत विसरतो आणि सोहम दिवसभर विसरू शकत नाही, त्याचं मूळ अशा ठिकाणी असू शकेल, असा विचार मनात येतोच. पण या चित्रापासून त्या पंख्यापर्यंत सरळ रेघ ओढायला अजून कोणाला जमलेलं नाही, तेव्हा मीही ओढत नाही.

छाटणी

लहान मूल जन्मतं तेव्हा आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत जोडण्यांचं नुसतं रान माजतं. एक चेतापेशी दुसरीला जिथे भेटते त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. गरजेपेक्षा कितीतरी जास्त सिनॅप्स आधी तयार होतात आणि मग बालपणात, किशोरवयात त्यातले न लागणारे हळूहळू काढून टाकले जातात. शास्त्रज्ञही याला छाटणीच म्हणतात. सोहमच्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ते पुढे सरकून बसले. बागेत काडी ठेवायची कुठली आणि काढायची कुठली, हेच तर त्यांचं काम.

२०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गुओमेइ तांग, डेव्हिड सुल्झर आणि सहकाऱ्यांनी, मृत्यूनंतर दान मिळालेल्या मुलांच्या मेंदूंचा अभ्यास केला. कानाच्या वरच्या बाजूच्या भागात चेतापेशींच्या फांद्यांवर जे बारीक काटे असतात, जिथे सिनॅप्स बनतात, ते मोजले. इतर मुलांमध्ये लहानपणापासून किशोरवय संपेपर्यंत हे काटे जवळपास निम्मे झाले होते. स्वमग्न मुलांमध्ये घट होती फक्त १६ टक्के. 'मुलांमध्ये जोडण्या जास्त' या निरीक्षणाशी हे बऱ्यापैकी जुळतं. मात्र मेंदू होते पन्नासच्या आतले, आणि पाहिला तो मेंदूचा एकच भाग.

वडिलांनी लगेच विचारलं, "मग आता छाटून घेता येतं का?" नाही. अशी कात्री कोणाकडे नाही. आणि उपमा कितीही गोड लागली तरी मेंदू म्हणजे वेल नव्हे, हे मला त्यांना दोनदा सांगावं लागलं. चूक माझीच, उपमा मीच दिली होती.

तान्ह्या बाळांमध्ये

आता तुम्ही म्हणाल, मग फोटोत काहीच कळत नाही का? कळतं, पण कोणाचं आणि कुठे, ते बघा. २०१२ मध्ये अमेरिकेत ज्यांचं मोठं भावंड स्वमग्न आहे अशा ९२ बाळांची चित्रं ६ महिने, १ वर्ष आणि २ वर्षं या टप्प्यांवर घेतली. यातली २८ बाळं पुढे स्वमग्न असल्याचं दिसलं. त्यांच्या तंतूंच्या जुडग्यांची वाढ वेगळ्या गतीने झाली होती. ६ महिन्यांना ती इतरांपेक्षा पुढे वाटत होती, २ वर्षांना मागे पडली होती. २०१७ मध्ये अशाच ५९ बाळांची, ६ महिन्यांची असताना, झोपेत चित्रं घेतली. त्यातली ११ बाळं २ वर्षांची झाल्यावर स्वमग्न ठरली, आणि ६ महिन्यांच्या चित्रांवरून संगणकाने त्यातली ९ बरोबर ओळखली होती. उरलेल्या ४८ पैकी एकाही बाळाला चुकून स्वमग्न म्हटलं नाही.

ऐकायला भारी वाटतं, आणि आहेही. पण ही सगळी अशा घरातली बाळं, जिथे आधीच एक स्वमग्न भावंड आहे. संख्या थोडी. आणि काम संशोधनाचं. गावातल्या कुठल्याही मुलाला आत घालून निदान बाहेर काढणारं यंत्र यातून तयार झालेलं नाही.

मला सर्वांत जास्त पटला तो २०१५ चा अभ्यास. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या अवितल हहामी आणि सहकाऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: जोडण्या कमी की जास्त हे सोडा, स्वमग्न व्यक्तींचे मेंदू एकमेकांसारखे तरी आहेत का? उत्तर आलं, नाहीत. इतरांच्या मेंदूतली जोडण्यांची मांडणी बऱ्यापैकी एका साच्यातली निघाली. स्वमग्न गटात प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाच्यात इथे जास्त आणि तिथे कमी, दुसऱ्याच्यात बरोबर उलट. सरासरी काढली की दोघंही पुसले जातात. आधीच्या अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी का भांडत होती, याचं एक कारण मला इथे सापडलं.

त्या रंगीत कागदाचं काय

महिन्याभराने सोहमचे आईवडील दोघेही आले. मी त्यांना जे सांगितलं ते असं.

सुटलेली एक वायर, असं काही नाहीच. जे फरक सापडले आहेत ते गटांच्या सरासरीतले आहेत. दुसरीच्या 'अ' तुकडीची सरासरी उंची 'ब' पेक्षा दोन सेंटिमीटर जास्त असू शकते, पण एखाद्या मुलाची उंची मोजून तो कुठल्या तुकडीतला हे तुम्ही सांगू शकाल का? मेंदूच्या चित्रांचं आज तसंच आहे. स्वमग्नतेचं निदान चित्रावरून होत नाही. मुलाला बघून, त्याच्याशी खेळून, आईवडिलांकडून त्याच्या वाढीची हकीकत ऐकून होतं. आपल्याकडे त्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली आयसा नावाची ४० मुद्द्यांची चाचणी आहे, आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तीच वापरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं आणि त्याच्या सवलतीही मिळतात. मुलाला फिट येत असेल, आधी येत असलेलं बोलणं किंवा चालणं जात असेल, तर डॉक्टर ईईजी किंवा एमआरआय सांगतात. तेव्हा तो करायचाच, त्यात कुचराई नको. पण ती तपासणी वेगळ्या कारणासाठी असते.

आणि अशा कागदांवरचं 'ब्रेन मॅपिंग' बहुतेक वेळा एमआरआय नसतंच. डोक्याला इलेक्ट्रोड लावून काढलेला ईईजीचा आलेख संगणक रंगवून देतो. त्या लाल-निळ्या ठिपक्यांवरून चाळीस सेशन ठरवायला आधार नाही. सोहमच्या वडिलांना कोणीतरी स्टेम सेलचंही सुचवलं होतं. त्याबाबत तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की स्वमग्नतेवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस नाही, आणि तशी जाहिरात करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन आहे.

वडिलांनी नाव नोंदवायला थोडे पैसे आधीच भरले होते. ते परत मिळाले नाहीत.

आई इतका वेळ गप्प होती. तिने एकच विचारलं, "मग याच्या मेंदूत जास्त आहे का कमी?" मी म्हटलं, कुठे जास्त असेल, कुठे कमी असेल, आणि ती मांडणी त्याची एकट्याची असेल. माझ्यामुळे झालं का, हे तिने विचारलं नाही. मी मात्र जुळ्यांचा तो अभ्यास तिला न विचारता सांगितला.

वर्गात मी काय बदललं

एक खुलासा आधी करते: पुढच्या गोष्टी मेंदूच्या चित्रांमधून निघालेल्या नाहीत. त्या विशेष शिक्षकांकडून आणि चुकत-माकत शिकलेल्या आहेत. वाचनाने एवढं झालं की "मुद्दाम करतो" हे वाक्य माझ्या तोंडून जायचं थांबलं.

सोहमची जागा खडखडणाऱ्या पंख्याखालून काढून दाराजवळ केली. घंटा होण्याआधी त्याला बोटाने खूण करते, मग तो कानावर हात ठेवून तयार असतो. "इकडे बघ आणि सांग" म्हणणं सोडलं. तो फरशीकडे बघून उत्तर देतो आणि बऱ्याचदा बरोबर देतो. प्रश्न विचारला की मी मनात दहा आकडे मोजते. पूर्वी तीनवरच दुसऱ्या मुलाला विचारत होते. वर्गातल्या शांततेत दहा आकडे किती लांब असतात, ते एकदा मोजून बघा. गोष्टीसाठी चार चित्रं देते, ती क्रमाने लावायची. आधी फक्त कोण आलं, मग काय केलं, आणि 'का केलं' दुसऱ्या दिवशी.

सगळं जमलं असं मुळीच नाही. २६ जानेवारीच्या लेझीमसाठी त्याला मागच्या ओळीत उभं केलं. हलगीची पहिली थाप पडली आणि तो मैदान सोडून थेट हमरस्त्याकडे पळाला. चौथीच्या दोन मुलांनी धरून आणलं म्हणून बरं. ढोल-हलगीच्या कार्यक्रमात त्याला आधी लांबून ऐकवायला हवं होतं, आणि कोणीतरी मोठं माणूस त्याच्याजवळ हवं होतं. दोन्ही मी केलं नव्हतं.

फेब्रुवारीत ते दोघे त्याला जिल्हा रुग्णालयातल्या बालकांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात घेऊन गेले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं चालतात आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. शाळा तपासणीला येणाऱ्या पथकाकडून चिठ्ठी घेतली तर काम सोपं होतं. मी सोबत एक वही दिली होती. तिथल्या डॉक्टरांनी आधी ती वही वाचली, मग सोहमला खेळायला बसवलं. दोन आठवड्यांच्या नोंदी असल्या तरी पुरतात. मी चार रकाने आखले होते: तारीख आणि वेळ, त्याच्या आधी काय घडलं, सोहमने काय केलं, आणि तो शांत कशाने झाला.